जाळ्याचा आस

सातपाटीच्या खाडीच्या तोंडाशी सहा-सात बोटी खोळंबल्या होत्या. ओहोटी होती. खाडीत इतका गाळ भरलाय, की भरल्या बोटीला आत यायचं तर पाणी चढेपर्यंत बाहेर ताटकळावं लागतं. नारळी पौर्णिमा होऊन चार दिवस झाले होते. उधाण ओसरत आलं होतं, आणि अष्टमीचा भांग लागला की मोठ्या बोटींची आणखी पंचाईत होणार होती. बंदरावर बायका पाट्या उपड्या घालून त्यांवर बसल्या होत्या. गोणपाटाखाली बर्फाच्या लाद्या घाम गाळत होत्या. माझ्या पिशवीत वही होती, पाण्याची बाटली होती आणि पालघर स्टेशनबाहेरच्या दुकानातून घेतलेली पंधरा सेंटिमीटरची प्लॅस्टिकची पट्टी होती.

“पोराच्या दप्तरातली उचलून आणली काय?” शेजारच्या मावशींनी विचारलं.

“मासे मोजायला आणलीय,” मी म्हटलं.

त्यांनी पलीकडच्या बाईकडे नुसतं पाहिलं. पुढचा पाऊण तास माझ्याशी कुणी धड बोललं नाही.

पट्टीची गोष्ट अशी. संपादकांनी अंकाचा विषय कळवला, ‘माप’. मी समुद्रावर लिहीन असं सांगून मोकळी झाले आणि मग प्रश्न पडला, की समुद्र मोजायचा कशानं? खोली मोजायला कोळ्यांचा वाव आहे, दोन्ही हात पसरले की होतो तेवढा. लांबी मोजायला सरकार आहे. अलीकडेच सरकारनं देशाचा किनारा नव्यानं मोजला, तर ७,५१६ किलोमीटरचा तो ११,०९८ किलोमीटर भरला. महाराष्ट्राचा किनारा दिल्लीच्या जुन्या कागदांत ६५२ किलोमीटर होता, आपल्या भूगोलाच्या पुस्तकात ७२०. आता तो ८७७ आहे. नवी जमीन कुठून आली नाही. पूर्वी ढोबळ नकाशावर मोजलं होतं, या वेळी बारीक नकाशावर मोजलं, त्यामुळे खाड्या, वळणं, खाचखळगे सगळे हिशेबात आले. पट्टी बारीक केली की किनारा वाढतो. मासळीचं मात्र नेमकं उलटं आहे, ते मला सातपाटीला कळायचं होतं.

माझी पट्टी किनाऱ्यासाठी नव्हतीच. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारनं पापलेटला, म्हणजे इकडच्या सरंग्याला, राज्यमासा जाहीर केलं. त्यानंतर दोन महिन्यांनी, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शिफारशीवरून, ५४ जातींच्या मासळीसाठी किमान लांबी ठरवून दिली. त्याहून लहान मासा धरायचा नाही. पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०, सुरमई ३७०, घोळ ७००. केरळनं हे आपल्याआधी केलं होतं. १३५ मिलिमीटर म्हणजे साडेतेरा सेंटिमीटर, माझ्या पट्टीत बसणारं माप. राज्यमाशाची परीक्षा घ्यायला शाळेची पट्टी पुरेशी होती.

पाणी चढलं तशा बोटी एकेक करून आत आल्या. ज्या नाखव्यांशी आधी फोनवर बोलणं झालं होतं, त्यांची बोट तिसरी. साठीच्या पुढचे गृहस्थ, अंगात बनियन, कानात बिगबाळी. खणातून बर्फासकट मासळी वर येऊ लागली आणि बंदराचा सूरच बदलला. सातपाटीचा सरंगा मच्छीमारांच्या सहकारी संस्थांमार्फत विकला जातो. वजनाप्रमाणे त्याची प्रतवारी होते: सगळ्यात वर सुपर, मग एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. हात इतके सराईत, की काट्यावर टाकण्याआधीच मासा आपल्या ढिगात पडलेला असतो. सुपरच्या ढिगात त्या दिवशी अकरा मासे होते. मी मोजले. शेवटचा ढीग, ज्याला नंबरही नव्हता, तो मोजण्यापलीकडचा होता.

त्यातला एक उचलला आणि पट्टी लावली. शेपटीच्या टोकापर्यंत धरून अकरा सेंटिमीटर. तळहातात मावणारा, बोटांना चंदेरी वर्ख सोडणारा. मावशी आता उठून बघायला आल्या होत्या.

नाखवा हसले. “मोजून काय करणार ताई? बर्फात पडला तो. मोजायचा तर पाण्यात मोजायला पाहिजे, जाळ्यात शिरायच्या आधी.”

“तिथं कोण मोजणार?”

“तिथं एकच मोजणारा. आस.”

चार बोटं

आस म्हणजे जाळ्याचं एक घर, चार गाठींमधली मोकळी जागा. आपण घरात बसून ‘आस लावून बसणं’ म्हणतो त्याच्याशी या शब्दाचं नातं आहे की नाही ते व्युत्पत्तीवाल्यांनी पाहावं. बंदरावर मात्र दोन्ही अर्थ एकाच वाक्यात येतात आणि कुणाला त्याची गंमत वाटत नाही.

नाखव्यांच्या अंगणात जाळं पसरलेलं होतं. एक खलाशी फाटलेली घरं विणत होता. नाखव्यांनी एका आसात बोटं घालून दाखवली. “माझ्या बापाच्या जाळ्यात चार बोटं जायची. माझ्या पहिल्या जाळ्यात तीन. ह्याच्यात बघा.” दोन बोटं गेली, तिसरं अडलं.

सरंगा धरायचं इथलं जाळं म्हणजे दालदा. पाण्यात पडद्यासारखं उभं राहतं. मासा पोहत येतो, डोकं आत घालतो आणि कल्ल्याशी अडकतो. आसापेक्षा लहान असेल तो आरपार निघून जातो, फार मोठा असेल तो नाक आपटून मागं फिरतो. म्हणजे हे जाळं ठराविक वयाचाच मासा निवडतं. चार बोटांचा आस जाणत्या माशासाठी होता. मोठे मासे मिळेनासे झाले, की दोष आसाला दिला जातो आणि पुढच्या मोसमातलं जाळं अर्ध्या बोटानं बारीक होतं. त्या वर्षी मासळी पुन्हा भरपूर मिळते. मग ज्यांनी वाढून मोठं व्हायचं होतं तेच संपलेले असतात, आणि आस पुन्हा बारीक होतो. पूर्वीची जाळी सुताची असत, झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून ठेवावी लागत, लवकर कुजत. नायलॉन कुजत नाही, पाण्यात दिसत नाही, वजनाला हलकं, त्यामुळे बारीक आसाचं लांबच लांब जाळं परवडतं.

पारंपरिक मच्छीमार तेवढा निर्दोष आणि यंत्रवाला तेवढा पापी, असा लेख लिहिणं सोपं आहे. मीही मनात तोच घेऊन गेले होते. पण याच किनाऱ्यावरचं जुनं जाळं म्हणजे डोल. समुद्राच्या तळाशी पक्क्या केलेल्या खुंटांना नरसाळ्यासारखी लांब पिशवी बांधायची. ज्या जागी ती बांधायची ती कव. भरती-ओहोटीची ओढ पिशवीत शिरते आणि मासळी शेपटाशी जमा होते. इंजिन लागतं ते फक्त जाण्यायेण्यापुरतं, जाळं चालवतो तो चंद्र. उधाणाला डोल भरते, भांगाला कोळी विश्रांती घेतो. बोंबील, मांदेली, करंदी, जवळा ही सगळी डोलीची माया. परंतु जवळा नखाएवढा. तो धरायचा तर पिशवीचं शेपूट मच्छरदाणीसारखं बारीक लागतं, आणि मच्छरदाणीतून सरंग्याचं पोर कसं निसटणार? दालदावाले कववाल्यांकडे बोट दाखवतात, कववाले ट्रॉलरकडे. शिवाय वसई-उत्तनकडचे कववाले आणि पालघर-डहाणूकडचे मच्छीमार यांचा जागेवरून जुना तंटा आहेच. समुद्रात सातबारा नसतो.

हिशेब नाखव्यांना पाठ आहे. माझ्या अकरा सेंटिमीटरच्या माशासारखे किलोत पंचवीस-तीस बसतात. तेच पंचवीस मासे सुपर होऊ दिले, अर्धा-अर्धा किलोचे, तर साडेबारा किलो होतात. निम्मे दुसऱ्या माशांच्या पोटात गेले असं धरा, तरी सहा किलो. भाव तर कितीतरी पट. म्हणून सातपाटीचेच मच्छीमार सरकारकडे मागणी करत आले आहेत, की १ जून ते ३१ जुलैची एकसष्ट दिवसांची बंदी पुरत नाही, ती वाढवा. ज्याचं पोट समुद्रावर आहे तोच समुद्र आणखी काही दिवस बंद ठेवा म्हणतो. हे मला त्या दिवसातलं सगळ्यात मोठं नवल वाटलं.

“मग तुम्ही आस का नाही मोठा करत?”

“मी केला तर मी सोडलेलं पोर माझ्या पुढच्याच्या जाळ्यात जाणार. डिझेल आहे, बर्फ आहे, खलाशांची उचल आहे. बोट बंदरात उभी राहिली तरी बँक थांबत नाही.” थोडं थांबून म्हणाले, “आणि आम्ही आस मोठा करायचा, तिकडं वर समुद्रच भरून काढायचा.”

तिकडं वर म्हणजे वाढवण. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये त्या बंदराची पायाभरणी झाली. खर्च ७६ हजार २२० कोटी, आणि समुद्रात भराव घालून सुमारे १,४४८ हेक्टर जमीन तयार करायची आहे. डहाणू ते सातपाटी या पट्ट्याला मच्छीमार ‘गोल्डन बेल्ट’ म्हणतात, कारण उथळ, खडकाळ, गाळाच्या या पाण्यात मासळीची पिल्लं वाढतात. बंदर आलं की रोजगार येईल म्हणणारेही गावात आहेत, त्यांची मुलं शिकलेली आहेत. नाखव्यांचा मुलगाही बोटीवर जात नाही. तो बोईसरला कारखान्यात आहे.

निघताना खाडीपलीकडच्या मुरब्याचा विषय निघालाच. ऑगस्ट २०२१ मध्ये तिथल्या एका बोटीला एका फेरीत १५७ घोळ मिळाले आणि ते १ कोटी ३३ लाखांना गेले. घोळीच्या पोटातल्या बोताला, म्हणजे तिच्या हवेच्या पिशवीला, परदेशात सोन्याचा भाव आहे. त्या बातमीनं समुद्र भरलेला आहे असं अख्ख्या महाराष्ट्राला वाटलं. लॉटरी लागलेल्याचा फोटो छापून येतो, तिकीट घेतलेल्यांचा नाही.

कुटी

सातपाटीनंतर मुंबई. ससून डॉक पहाटे चारला जागा असतो असं म्हणणं चुकीचं आहे, तो झोपतच नाही. कापसाच्या व्यापाराच्या भरभराटीत १८७५ साली बांधलेली ही गोदी आज मुंबईतल्या मासळीच्या मोठ्या अंगणांपैकी एक आहे. पायाखाली बर्फाचं पाणी, डोक्यावरून जाणाऱ्या पाट्या, आणि “बाजूऽऽ” म्हणत येणाऱ्या हातगाड्या. मध्ये उभं राहिलात तर तुम्हीच लिलावात निघाल. छपराखाली बायका ओळीनं कोळंबी सोलत बसलेल्या होत्या. त्यांची बोटं बघत राहावीत अशी, डोकं एकीकडे, साल एकीकडे, मान वर न करता.

इथे बोटी ट्रॉलरच्या. दहा-दहा, पंधरा-पंधरा दिवस समुद्रात राहून आलेल्या. ट्रॉलचं जाळं म्हणजे तोंडाशी दोन जड फळ्या लावलेली पिशवी. बोट पुढे गेली की पाण्याच्या दाबानं फळ्या बाजूला फाकतात, पिशवीचं तोंड उघडं राहतं आणि ती तळावरून तासन्‌तास ओढली जाते. शेत नांगरावं तसा तळ नांगरला जातो, फरक इतकाच की इथे पेरणी कुणी करत नाही. तळावरचे शिंपले, खेकडे, किडे, ज्यांच्यावर मोठी मासळी जगते ते सगळं एका ओढीत वर येतं.

आसाचा नियम इथंही आहे. पिशवीच्या शेपटाला ४० मिलिमीटरचा चौकोनी आस हवा. चौकोनीच का, ते समजून घेण्यासारखं आहे. नेहमीचा आस शंकरपाळ्यासारखा असतो. जाळं ओढलं जाऊन ताण बसला की शंकरपाळं मिटतं, आणि मोठ्या आसाचं जाळंसुद्धा फडक्यासारखं घट्ट होतं. चौकोनी आस ताणाखालीही उघडा राहतो, त्यातून पोरं बाहेर पडतात. साधी युक्ती आहे, आणि फार महागही नाही. डॉकवर एका तांडेलाला विचारलं, तुमचा आस कसा आहे? त्यानं माझ्याकडे, मग माझ्या पट्टीकडे पाहिलं आणि “वजन संपलं का?” असं दुसऱ्याच कुणाला विचारत तो निघून गेला.

सगळी विकाऊ मासळी उतरवून झाल्यावर, एका बोटीच्या खणातून फावड्यानं उपसलेला ढीग बाहेर आला. बर्फ नाही, रंग नाही, राखाडी लगदा. ही कुटी. पाटीच्या कडेला उकिडवी बसून मी वहीत नोंद केली: राणीमाशाची बोटभर पोरं, बुटाच्या नाडीएवढ्या वाकट्या, चिरडलेले खेकडे, माकुलाची पिल्लं, दोन-तीन ढोमे, शिंपा, आणि शाम्पूची एक पुडी. पूर्वी हे सगळं तिथल्या तिथं समुद्रात फेकून देत. आता परतीच्या चार दिवसांतलं खणात ठेवतात, कारण त्याला गिऱ्हाईक आहे. एक किलो पापलेटच्या पैशात याची अख्खी पाटी येईल, पण पाट्याही शेकड्यांनी असतात.

गिऱ्हाईक म्हणजे फिशमीलचे कारखाने. तिथं ही मासळी शिजवून, पिळून, वाळवून दळतात. चार-पाच किलो ओल्या मासळीची एक किलो भुकटी होते, आणि ती कोंबड्यांच्या आणि तळ्यातल्या कोळंबीच्या खाद्यात जाते. समुद्रावरचा भार कमी व्हावा म्हणून मासळी पाळायची, आणि पाळलेल्या मासळीला समुद्रातली पोरं दळून घालायची. एकदा कुटीला भाव आला की बारीक आसाचं जाळं नुकसानीचं राहत नाही. चुकून सापडलेलं पोर हा आता मालच असतो.

मासळीची सरकारी मोजदाद टनांत होते. २०१९ साली महाराष्ट्रात सुमारे २ लाख टन सागरी मासळी उतरली, पंचेचाळीस वर्षांतला नीचांक, तेव्हा थोडी आरडाओरड झाली. पण एखाद्या वर्षी आकडा बरा आला म्हणून हायसं वाटून घेण्यात अर्थ नाही. जाणत्या सुरमयांचा एक टन आणि नाडीएवढ्या वाकट्यांचा एक टन कागदावर सारखाच दिसतो. टनाला वय नसतं.

तोंडात अंडी

लहान मासा सोडा म्हणतात, पण मोठाही कुठला आणि कधी धरला याला महत्त्व आहे. त्यासाठी शिंगाळ्याची गोष्ट सांगायला हवी.

शिंगाळा हा मिश्यावाला मासा, पाठीवर विषारी काटा. त्याची मादी बोराएवढी मोठी अंडी घालते, म्हणून ती मोजकीच असतात. बाकीचे बहुतेक मासे लाखांनी अंडी पाण्यात सोडून देतात आणि पुढचं नशिबावर टाकतात. शिंगाळ्याला ते परवडत नाही. तर होतं असं, की ती अंडी नर आपल्या तोंडात घेतो आणि पिल्लं बाहेर पडून पोहायला लागेपर्यंत कित्येक आठवडे ती तोंडातच वागवतो. त्या काळात तो काही खात नाही. माणसांच्या बापांविषयी आपण जे गोडवे गातो ते या माशाला ऐकवायला हवेत.

हे बाप कळपानं वर येतात, आणि नेमके तेव्हाच पर्ससीनच्या तावडीत सापडतात. पर्ससीन म्हणजे कळपाभोवती फिरवून खालून नाडी ओढायची बटव्यासारखी जाळी. बटवा बंद झाला की कळपातला एकही सुटत नाही. जाळ्यात घुसमटलेला शिंगाळा तोंड उघडतो आणि अंडी गळून पडतात. पश्चिम किनाऱ्यावर पर्ससीन आल्यावर असे तोंडभर अंड्यांचे नर टनांनी मारले गेले, आणि काही वर्षांतच शिंगाळ्याची मासेमारी कोसळली. इथे आसाचं माप कामाचं नाही. बाप मोठाच होता, कायदेशीर लांबीचा.

म्हणूनच आता समुद्रात चलती आहे ती लवकर जन्मून लवकर मरणाऱ्यांची: जवळा, बोंबील, माकुल. थोडक्या काळात त्यांचा संसार आटोपतो. मोरी, वाम, घोळ, शिंगाळा यांच्यासारखे सावकाश वाढणारे किंवा मोजकी पोरं घालणारे मागे पडले. समुद्र रिकामा झाला असं कुणी म्हणालं तर मला पटत नाही. त्यातली म्हातारी माणसं गेली आणि बालवाडी उरली, असं म्हणा.

दांडीवरची ओढ

मालवणच्या दांडी किनाऱ्यावर रापण ओढली जात होती तेव्हा सकाळचे आठ वाजत आले होते. होडीनं जाळं अर्धवर्तुळात टाकून दोन्ही दोर किनाऱ्यावर आणलेले. एकेका दोराला वीसेक माणसं, टाचा वाळूत रोवून, एका लयीत मागं मागं. बहुतेक पन्नाशीच्या पुढची. शिवाय पुण्याहून आलेले काही पर्यटक, जे ओढण्यापेक्षा ओढण्याचा व्हिडिओ करण्यात गुंतले होते. रापणीचा रिवाज असा, की दोराला हात लावला त्याला मासळीचा वाटा. विधवेचाही, म्हाताऱ्याचाही. पर्यटकांच्या व्हिडिओला वाटा मिळाला की नाही ते मी पाहिलं नाही.

तासाभरानं जाळं आलं. दोन टोपल्या पेडवे, थोडे बांगडे, एक सौंदाळा आणि ढीगभर जेलीफिश, काचेच्या वाडग्यांसारख्या. रापणकर त्या पायानं बाजूला सारत होते.

“पूर्वी रापण ओढूक शंभर माणसां लागत,” एक आजोबा म्हणाले. “आता माणसां गावणत नाय. आणि गावली तर मासो गावणा नाय. दोघांनी एकाच दिवशी येवक व्हया ना!”

मी त्यांनाही आसाबद्दल छेडलं. रापणीच्या मधल्या पिशवीचा आस काही मोठा नसतो. त्यांनी ते नाकारलं नाही. “बारीक आसा. पण आमी दर्यात जाणव नाय, दर्यो आमच्याकडे येता. आयलो तर घेतलो.” मला हे उत्तर आवडलं, पुरेसं वाटलं नाही तरी. जो मासा किनाऱ्यापर्यंत येऊ शकतो तेवढाच धरायचा, ही एक मर्यादा होतीच. ती जाळ्यात नव्हती, माणसाच्या दमात होती.

त्याच्या उलट रात्री. जेवण झाल्यावर किनाऱ्यावर गेले तर क्षितिजावर गाव वसावं तसा उजेड. एलईडी. बोटीवर जनित्र चालवून पाण्यावर प्रखर झोत सोडायचे, मासळी उजेडाला येते, लहानमोठी सगळी, आणि मग तिला घेरायचं. केंद्रानं नोव्हेंबर २०१७ मध्येच याला बंदी घातली आहे. पर्ससीनलाही मर्यादा आहेत. डॉ. सोमवंशी समितीनं राज्यातले पर्ससीन परवाने आधी २६२ आणि पुढे १८२ पर्यंत खाली आणायला सांगितलं होतं. आचऱ्याला पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले समोरासमोर आल्यानंतर, फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्याच्या हद्दीत पर्ससीन फक्त सप्टेंबर ते डिसेंबरपुरती असा आदेश निघाला. राज्याची हद्द बारा सागरी मैल. त्यापलीकडे केंद्राची. मासा ही रेघ ओळखत नाही, बोटवाले मात्र ती चांगली ओळखतात आणि सोयीप्रमाणे तिच्या या किंवा त्या बाजूला असल्याचं सांगतात. गस्तीला नौका किती, डिझेल किती, हा विषय मत्स्यव्यवसाय खात्यात काढला की चहा येतो.

एक नियम मात्र सगळ्यांच्या तोंडी होता, आणि चांगल्या अर्थानं. कासव, डॉल्फिन किंवा बहिरी मोरी, म्हणजे तो अवाढव्य ठिपकेदार देवमुशी मासा, जाळ्यात सापडला आणि जाळं कापून त्याला सोडलं, तर सरकार २५ हजारांपर्यंत भरपाई देतं. २०१८ च्या अखेरीपासून ही योजना आहे. फोटो काढायचा, अर्ज करायचा. एका तरुणानं मोबाइलवर दाखवलं: कासव उलथं पडलेलं, सुरी, तुटलेले दोर, मग पाण्यात दिसेनासा होणारा हिरवट काळा ठिपका. पैसे उशिरा आले, पण आले. मला वाटतं, जाळं कापायला माणूस तयार होतो, फक्त तेवढी रात्र त्याच्या अंगावर पडू नये. पापलेटच्या पोरासाठी अशी भरपाई कुणाला सुचलेली नाही.

बिघडलेलं पंचांग

आजोबांच्या घरी चहाला बसलो तेव्हा भिंतीवर कालनिर्णय होतं आणि नातवाच्या हातात वाऱ्याचा ॲप. दोघांची भांडणं होतात. आजोबांना मतलई वारा अंगावर आला की कळायचं, आता उद्या काय. पण २०१९ च्या ऑक्टोबरात, ऐन मोसमात, क्यार चक्रीवादळ आलं आणि त्याच्या पाठोपाठ महा. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग थेट रायगड जिल्ह्यावर आदळलं. २०२१ च्या मेमध्ये तौक्तेनं याच किनाऱ्यावरून जाताना होड्यांचा चुरा केला. अरबी समुद्र तापतोय. वादळाला लागणारी ऊब त्याला आता अधिक मिळते. ज्या २ लाख टनांचं वर्ष मी वर सांगितलं, ते याच क्यारचं वर्ष. मासळी कमी होती हे खरं, पण बोटी बंदरातच इतके दिवस उभ्या होत्या हेही खरं.

पाणी तापलं की मासळी हलते. तारली तर फारच नाजूक. केरळात २०१२ मध्ये ती चार लाख टनांच्या घरात मिळाली होती, २०२१ मध्ये सुमारे ३,३०० टन. समुद्रात उत्तरेकडे कोण सरकलं, कोण खोल गेलं, याचा हिशेब लावायला शास्त्रज्ञ आहेत. नातू एवढंच म्हणाला, “आजो सांगता त्या दिवशी मासो येणा नाय आणि ॲप सांगता त्या दिवशी वारो येणा नाय.”

डोंबिवलीला परत आले त्याला चार दिवस झाले असतील. संध्याकाळी स्टेशनजवळच्या मासळीबाजारात नेहमीच्या मावशींकडे गेले. समोर पापलेटच्या पोरांचे वाटे लावलेले, केळीच्या पानावर दहा-दहा. पिशवीत पट्टी होतीच. तिला अजून सातपाटीचा वास होता. एकाला लावली. अकरा. दुसऱ्याला. साडेदहा.

“घेणार का शाळा भरवणार?” मावशी म्हणाल्या. “गोड लागतात ही. तळून काट्यासकट खा.”

वाटा नको म्हटलं आणि बोंबील घेतले, सहा. त्यातला एक सरळ करून पट्टीला लावला. पंधरा सेंटिमीटर संपले आणि बोंबील पट्टीच्या बाहेर बोटभर उरला. बोटभर म्हणजे किती, ते बघायला मी बोट लावणार, तोवर मावशींनी कोयत्यानं त्याचं डोकं उडवलं होतं.